हा तो नव्हे

नोमिन, तू जागी आहेस, मला माहीत आहे.
सहा वर्षांचं मूल झोपेत इतका दबकत श्वास घेत नाही.

चूल दुलमाबाईंनी जपली ते बरं झालं.
बाहेर उणे चौतीस. धूर वर जातच नाही,
टेकडीवरचे सगळे तंबू एका घोंगडीखाली खोकतायत.

ऐक. रात्रीचं सांगतो.
आधी नुसतं नाक, तुझं वाहत होतं तसंच.
मग दूध सुटलं. मग पोट उडायला लागलं,
दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा,
आतून कुणी कातडं ओढून धरतंय असा.
आईने चुलीतली काजळी बोटावर घेतली,
नाकाच्या शेंड्यापासून कपाळापर्यंत एक रेघ काढली,
म्हणजे अंधारातल्या वाईटाने पाहिलं तर त्याला वाटावं
हे मूल नाही, ससा आहे.

टॅक्सी दोनदा बंद पडली. उतारावर ढकलली.

इस्पितळात एका खाटेवर दोन दोन बाळं,
एकाचं डोकं इकडे, एकाचं तिकडे,
आणि उरलेली आमच्यासारखी बोळात, मांडीवर.
नर्स खोंगोरझुल आली, हातात पट्टी, दातांत पेनाचं टोपण:
"एनेबिश कोण?"

हे नाव का ठेवलं ते तुला ठाऊक आहे.
तुझ्या पाठचा नाव ठेवायच्या आतच गेला.
म्हणून याला म्हटलं एनेबिश, हा तो नव्हे.
न्यायला आलेल्याने दारात विचारलं
तर नावानेच त्याला वाट चुकवावी.
सात महिने हे पुरलं.

आणि मी भर बोळात उभा राहून म्हणालो,
हाच. हाच तो.
तिने मनगटावर पट्टी बांधली.
मी दाराकडे बघत राहिलो, कुणी ऐकलं का.

डॉक्टरीण बाई लहानखुरी, डोळे तांबारलेले.
म्हणाली, विषाणू आहे, आरएसव्ही.
याला मारायचं औषध नाही.
नाक साफ करायचं, ऑक्सिजन, नळीने थेंब थेंब दूध,
आणि रात्र काढायची.
मी पाकीट काढलं होतं. ते हातातच राहिलं.

मग मोजत बसलो. मिनिटाला बहात्तर.
अठरा वर्षं मीटर बघतोय मी,
इतकं महाग मिनिट कधी धावलं नव्हतं.
तीनला सत्तर. मधे एकदा त्याने श्वास घेतलाच नाही,
आईने तळव्यावर टिचकी मारली, मग घेतला.
साडेपाचला मी आकडा चुकलो,
पुन्हा मोजले. साठ.
समोरच्या खाटेवरची मुलगी तेव्हा तिथे नव्हती.
कुठे नेली, मी विचारलं नाही.

डॉक्टरीण बाईने विचारलं होतं, घरात आणखी कुणाला सर्दी?
मी गप्प होतो. आई बोलली.
फोन तुझ्या कानाला होता, हे नंतर कळलं.

बालवाडीतून तू आलीस, टोपीसुद्धा न काढता
त्याची टाळू हुंगलीस, मग गालही हुंगलेस, दोन्ही.
मीही रोज तेच करतो,
दिवसभर शंभर जणांना गाडीतून सोडून आल्यावर.
विषाणूला पाय नसतात, नोमिन.
त्याला घरात आणतं ते धावत येणारं माणूस.
चार दिवस लांबून बघायचं, एवढंच.
हात धुवायचे. मीसुद्धा.

आता तोंडावरचा मफलर काढ.
चहा कर म्हणत नाही, दूध मी तापवतो,
तू आईचा थर्मास धर. गाडी अजून गरम आहे.
पण आधी श्वास घे.
असा नाही. मोठ्याने.
मला ऐकू येऊ दे.