सात्या

गोकुळपेठ बाजार. पळसाच्या पानावर सात्या.
फुलवंता उईके म्हणते, "धुवा, चिरा, मटनावानी रांधा."
मी म्हणालो, श्रावण आहे.
"मंग? जमिनीतलंच तं हाय."

तीस वर्षं फळ्यावर
मी बुरशीला झाडांच्या रांगेत बसवलं.
ती झाडांची कोणी लागतच नव्हती.
खेकड्याच्या कवचात जे, तेच तिच्या अंगात;
नात्यानं ती आपल्याच बाजूची.

"पेरलं कोणी?"
"उधईनं. वारुळात तिची शेती असते, मास्तर."
हे पुस्तकातही होतं.
परीक्षेत येत नसे, म्हणून मी गाळलं.

अर्धा किलो घेतल्या.
घरी कुमुदला नात्याचं काही बोललो नाही.
चिरताना तिनं एक हुंगली,
म्हणाली, तुमच्या शाळेच्या जिन्याखाली
असाच वास यायचा.
तुमच्या कपड्यांनाही.