मोजणी

टोलिडोच्या त्या दुकानात दर सोमवारी फोन यायचा:
या आठवड्यात काय खपलं?
वेंडेल, पेन्सिल कानामागे,
वही न उघडताच आकडे सांगायचा.
वरचे पाच बरोबर असायचे.
सहावा मात्र त्याच्या मर्जीतला:
कुणी एक बाई, एक ऑर्गन, चर्चमधली गाणी,
कॅसेटी खपल्या दोन, सांगितल्या चाळीस.
"अगं, तिच्या बाजूने कुणीतरी खोटं बोलायला हवं."

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात यंत्र आलं.
लाल रेघ, एक टिक्, संपलं.
फोन मुका झाला,
आणि कळलं
शहर खरं तर काय ऐकत होतं:
काउबॉय टोप्या, शिव्यांचे ठेके,
फाटक्या स्वेटरमधली चिडलेली पोरं.
आम्हाला वाटत होतं त्यातलं फारच थोडं.

वेंडेल हरला असं नाही म्हणणार मी.
शटर ओढल्यावर, अर्धे दिवे मालवून,
तो तीच कॅसेट उचलायचा,
लाल रेघेवरून न्यायचा,
गल्ल्यात खिशातले नऊ डॉलर टाकायचा.
टिक्.

गेल्या वर्षी त्याचं तळघर आवरलं.
एकशे बारा निघाल्या,
एकीचंही प्लास्टिक काढलेलं नाही.
मी एकीचं फाडलं.

जरा बेसूरच होती ती.