उजवा खिसा

कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज नव्हती.
नाट्यगृहाच्या छपरातून बर्फ थेट तिसऱ्या रांगेत उतरायचा,
आणि लामारा ग्वेनेताद्झे म्हणायची,
"बरं झालं. आज श्वास दिसतोय."

आम्ही नऊ जण, अंगावर घरातलं होतं नव्हतं ते सगळं.
मेणबत्तीपुढे एकेकाने एकेक वाक्य म्हणायचं
आणि तिने ऐकायचं नाही, बघायचं.
ज्याची वाफ ओठांपाशीच विरली
त्याला, "घशातून बोललास. परत."
ज्याची पोटातून निघून ज्योत हलवून गेली
त्याला काहीच नाही. फक्त भुवई.
त्या भुवईसाठी आम्ही जीव टाकायचो.

मी तिचा सगळ्यात वाईट विद्यार्थी.
खुर्ची उचल म्हटलं की दुःख उचलायचो.
"नोदार, खुर्ची आहे ती. चार पाय.
तिला तुझं सोयरसुतक नाही."
तिसऱ्या महिन्यात तिने मला
रंगमंचाखालच्या खोक्यात बसवलं, हातात संहिता दिली.
"तुला दुसऱ्यांचं ऐकू येतं. तू इथून सांग."
अपमान होता की पारख,
एकतीस वर्षं झाली, ठरत नाही.

नवरा शाल्वा पूल बांधायचा, नाटकात झोपायचा.
जानेवारीत गेला.
पाचव्या दिवशी ती त्याचा ओव्हरकोट
खांद्यावर टाकून तालमीला आली,
कपडेपटाच्या पेटीत ठेवला
आणि नियम सांगितला एकच:
उजव्या खिशातला अक्रोड काढायचा नाही.

मग त्या कोटाने काय काय नाही केलं!
न्यायाधीश झाला, घोडेचोर झाला,
बुडत्या जहाजाचा कप्तान झाला,
एकदा तर दोन अंक नुसता खुंटीवर टांगून राहिला
आणि टाळ्या घेऊन गेला.
जो घालेल त्याचा हात आपसूक खिशात जायचा,
अक्रोडाभोवती मूठ वळायची,
खांदे खाली यायचे, अगदी शाल्वासारखे.
अभिनय कुठे सुरू होतो, असं कोणा पाहुण्याने विचारलं
तर ती म्हणायची, "शिंप्याला विचारा."

गोड बाई नव्हती ती.
जोडा फेकून मारायची, नेम चांगला.
स्वतःच्या मुलीच्या लग्नाला
प्रकाशयोजना संपवून पोचली, केक संपल्यावर.

मागच्या शरदात तीही गेली.
जेवणाच्या लांब टेबलाशी, कितव्यातरी पेल्यानंतर
जुमबेर उठला, आता पोट सुटलेला,
म्हणाला, "एक कबूल करायचंय.
त्याच हिवाळ्यात. कप्तान होतो, मध्यंतर होतं,
दोन दिवसांचा उपाशी होतो.
मी तो अक्रोड खाल्ला."

टेबल गप्प.
मग टोकाकडून मझिया, "शक्य नाही. मी खाल्ला तो.
न्यायाधीशाच्या वेळी."
मग एक दाढीवाला. मग ज्याचं नाव मी विसरलोय तो.
चौघांनी चार अक्रोड खाल्ले होते
आणि खिसा एकदाही कुणाला रिकामा सापडला नव्हता.

तिची मुलगी पाठमोरी पाव कापत होती.
"दाराशी पिशवी असायची," ती म्हणाली.
"आम्हाला हात लावू द्यायची नाही."

सोमवारी नव्या पोरांची पहिली तालीम.
काल पेटी उघडली, कोट उन्हात झटकला,
बाही उसवली होती ती मला जमेल तशी टाचली.
बाजारात अक्रोड फार महाग झालेत.
पाव किलो घेतले.