आत्याला पाय आहेत

सकाळी सव्वासातला
लोकमान्य नगरात कचरागाडी येते गाणं वाजवत,
तेव्हा हॅलिफॅक्समध्ये रात्रीचे पावणेदहा.
रुंजी पोह्यांची बशी घेऊन
स्टीलच्या डब्याला टेकवलेल्या फोनसमोर बसते.
एक घास स्वतःला, एक काचेला.
मी जीरावनाचे डाग पुसतो बनियनच्या टोकाने,
आणि माझी मुलगी पलीकडून म्हणते,
"बाबा, नाक पुसताय माझं."

साडेतीन वर्षांची आहे रुंजी. तिच्या लेखी
आत्या 'काल'मध्ये राहते.
"तुमच्याकडे आज कधी येणार?
आमचा संपला की पाठवते."
वीज मंडळात एकतीस वर्षं मीटरचे आकडे जुळवले मी,
हा हिशेब मला खोडता येत नाही.

तनयने एकदा वाडग्यात बर्फ आणून दाखवला,
अंगणातला, ताजा.
ही धावत गेली स्वयंपाकघरात,
चतुर्थीला सुनेने खवलेला नारळ
मूठभर उचलून आणला.
"आमच्याकडे पण पडतो. गोड."
तनय तोंड उघडून बसला.
बराच वेळ कोणी बोललं नाही. मला वाटलं, नेट गेलं.

मग फोन पडला. जेल रोडला नेला.
दुकानदाराने मागचं झाकण उचकटलं
तशी ही काउंटरवर चढून वाकली.
आत बॅटरी, दोन तारा, धूळ.
"भैया, हमारे लोग कहाँ हैं?"
तो हसला नाही. भला माणूस.
"बेटा, खाना खाने गए हैं।"
घरी येईपर्यंत विचारत होती, काय खातात.

डिसेंबरात आले तिघं.
विमानतळावर सुनेत्रा गुडघ्यांवर बसली, हात पसरून,
रुंजी माझ्या पाठीमागे.
मग आत्या उठून उभी राहिली
आणि माझ्या कानाशी कुजबुज आली :
"आजोबा, हिला पाय आहेत."

पाच वर्षांत मीही पाहिले नव्हते ते पाय.
डाव्या घोट्यावर सायकलचा व्रण,
आठवीतला, पलासिया चौकातला.
तो तसाच. चालणं मात्र
जरा परगावचं झालंय,
निसरड्यावर टाकावं तसं जपून पाऊल,
इथे, कोरड्या फरशीवर.

दोन दिवस आत्याजवळ जाईना.
सराफ्यात भुट्ट्याचा कीस तनयच्या हातून खाल्ला,
दाढीकाकाच्या खांद्यावरसुद्धा बसली,
आत्याचं बोट नको.
सकाळी फोन डब्याला टेकवून
बशी घेऊन बसायची. काच काळी.
"आज आत्या उचलत नाहीये."
आणि आत्या तिथेच, दाराशी उभी,
तोंडात ब्रश, डोळे माझ्याकडे.

तिसऱ्या दिवशी सुनेत्रा मुकाट्याने गच्चीवर गेली.
फोन वाजला.
"आत्याऽ! इथे ना, एक बाई आलीय," हिने
लगेच तक्रार मांडली, "तुझ्यासारखी."
"कुठंय? बघू."

आवाज दोनदा आला.
आधी जिन्यावरून,
मग, किंचित उशिरा, फोनमधून.
रुंजी थबकली. फोन कानाशी नेला, लांब धरला.
"आत्या, बोल."
"बोलतेय."
"बोलतेय."
एक पायरी चढली.
"परत बोल."
एका हातात फोन, एका हातात बशी,
पोहे सांडत, आणखी एक.

सोळा पायऱ्या आहेत. मी खाली उभा राहून मोजत होतो.
हॅलिफॅक्समध्ये पावणेदहा वाजले असतील, काल रात्रीचे,
तिथे आमचं कोणी नव्हतं.
गल्लीत गाडीचं गाणं वाजून वाजून पुढे गेलं.
कचरा द्यायचा राहिला.