अकरा वजा चार

लॅमिंग्टन रोडवर शामजीभाईंच्या गाळ्यात
काचेवर तीन बोर्ड मांडलेत.
एक निळा, स्वस्त, नखाएवढ्या चिपचा,
अपूर्णांक दिला की कपाळाला आठ्या घालणारा.
दुसरा काळा, काडेपेटीहून जरा लांब,
आवाज आत घ्यायची, बाहेर सोडायची सोय अंगचीच.
तिसरा अख्खा संगणकच :
उठायलाच वीस सेकंद,
आणि ऐन सुरात त्याला दुसरंच काम आठवतं.

"बेन, करायचंय काय नक्की?"
पंख्यानं रेझिस्टरच्या पट्ट्या फडफडतात.

ओर्लेमचा ऑस्वल्ड रिबेलो, लग्नाच्या बँडात ट्रम्पेट.
गेल्या साली न्यूमोनिया.
आधी एक सूर अकरा सेकंद धरायचा,
मी मोबाइलवर मोजलाय.
आता चार.

म्हणजे सात सेकंद हवेत.
सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार नमुने,
नमुन्याला चार बाइट.
जुन्या बिलाच्या पाठीवर गुणाकार करते :
तेरा लाख चव्वेचाळीस हजार.
निळ्यात एवढं मावत नाही,
तिसऱ्यात गावजेवण उठेल.

आणि उशीर?
फुंकल्यापासून कानावर पडेपर्यंत
पाच मिलिसेकंद, फार तर सहा.
जास्त झाला तर, ऑस्वल्ड म्हणाला होता,
"मागे उभं राहून कोणीतरी माझी नक्कल करतंय असं वाटतं, बाय."

काळा घेतला.
साडेतीन हजारांचे तेहतीसशे, वर कटिंग चहा.
"चालला नाही तर सात दिवसांत आणा,
पण डाग दिलेला परत घेणार नाही."

डाग त्याच रात्री दिला.
खिडकी उघडी, राळेचा धूर, माइक चालू;
शेजारच्या सावेबाईंच्या कुकरची शिट्टी आत शिरली
आणि कुकर उतरवल्यावरही
वाजतच राहिली.
सावेबाई दारात. मी आनंदानं वेडी.

रविवारी, चर्चमागच्या हॉलमध्ये
ऑस्वल्डनं पेटी पट्ट्याला अडकवली.
वरचा सा लावला. एक, दोन, तीन, चार.
ओठ बाजूला केले. सूर तिथंच,
हवेत टांगल्यासारखा.
तो ट्रम्पेटच्या तोंडात डोकावून बघतो.

मग खोकला.
पेटीनं तोही धरला,
इमानेइतबारे, सात सेकंद.
ढोलवाली पोरं हसली,
तिसऱ्या सेकंदाला हसायची थांबली.

मी लॅपटॉप उघडते. सूर कुठला, खोकला कुठला
हे तिला शिकवावं लागेल,
उंबरठा कुठं ठेवायचा ते
अजून मलाच कळलेलं नाही.

ऑस्वल्ड तोंड पुसतो.
"वरात तीन तास चालते," म्हणतो,
"बॅटरी किती वेळ?"

तो हिशेब मी मांडलाच नव्हता.