नाळ, वजा ऐंशी

बांबोळीच्या पठारावर, इस्पितळाच्या पाठीमागे
आमची लॅब. खिडकीतून शिरदोनचा किनारा दिसतो,
म्हणजे दिसला असता,
मध्ये जनरेटरची खोली नसती तर.

तीन नंबरच्या इन्क्युबेटरमध्ये झेलिया कार्दोज.
तिच्या नाळेतल्या गिळगिळीत गरातून उठवलेल्या पेशी,
सातवी पिढी, सदतीस अंश,
फ्लास्कच्या तळाला चिकटून
तारल्यांसारख्या एका दिशेला तोंड करून.
उरलेला तुकडा फ्रीझरमध्ये, वजा ऐंशीला.

आम्हाला त्या पेशींनी टाकलेलं पाणी हवं असतं.
म्हणून अठ्ठेचाळीस तास रतीब बंद.
वासराच्या रक्ताचं सीरम नाही, काही नाही,
मीठ, साखर, पाणी.
उपाशी पोटी त्या जे सोडतात
ते आम्ही गाळतो, गोठवतो, त्याला नंबर देतो.
(आई उपासाच्या दिवशी काय काय बोलायची.
तेही कुणी गाळून ठेवायला हवं होतं.)

दुसऱ्या बाटलीत दगडीपाला.
रोहिदास फळदेसाई, आमचा रात्रीचा वॉचमन,
चिऱ्यांच्या खाणीच्या कडेवरून पोतंभर आणतो.
'एवढ्याचा काय अभ्यास मॅडम,
चुरगाळायचा, थुंकायचं, लावायचा.'
थुंकीचा प्रोटोकॉल नाही, म्हटलं.
एप्रिल होता. त्याला हुर्राकचा वास येत होता,
मला सत्तर टक्के इथेनॉलचा.

मग जखम करायची.
त्वचेच्या पेशींचा एकसंध थर,
त्यावर पिपेटच्या पिवळ्या टोकानं एक रेघ.
हात कापता कामा नये. दोनदा ओढता कामा नये.
भिंगाखाली ती मांडवीपेक्षा रुंद दिसते:
या तीराला पेशी, त्या तीराला पेशी,
मध्ये काहीच नाही.
शून्य तास. सहा.
काठावरची एखादी अंग लांबवते,
चाचपते, थांबते,
मागचीचा धक्का लागतो.
पूल नाही, फेरीबोट नाही,
तरी पहाटेपर्यंत

भरली.
झेलियाच्या पाण्यानं भरली, पाल्यानं भरली,
दोन्ही घातलं तिथे तर अकराव्या तासालाच.
मी कुंदेबाईंना फोन लावायला उठले
आणि चौथी प्लेट बघितली. कंट्रोल.
तिला आपण काहीच दिलं नव्हतं.
तीही भरली होती.
थोडी उशिरा.

कुंदेबाई म्हणाल्या, पुन्हा कर. तीनदा कर.
'थोडी' हा आकडा नाही.

मेमध्ये झेलियाचा फोन आला.
संमतिपत्रावर माझाच नंबर आहे.
पोर आता रांगतं म्हणाली. दिवाडीहून बोलत होती,
मागे कुणीतरी पोदेराला हाका मारत होतं.
सासू विचारते,
'खंय पुरली गो ती?'

कागदावर सगळं होतं:
साठवण, वापर, नष्ट करण्याची पद्धत, तिची सही.
पुरण्याचा रकाना नव्हता.
बांबोळीला, मी म्हटलं. पठारावर.
गार जागा आहे.
'बरें,' ती म्हणाली, आणि मागे वळून
ते सासूला सांगितलेलं मला ऐकू आलं.

नाळ पुरलेल्या जागेकडे जीव ओढतो म्हणतात.
उद्या ते पोर मोठं होईल, मडगावच्या बसमध्ये बसेल,
आणि इथल्या चढावर विनाकारण
मान वळवून बघेल:
जनरेटरची खोली, पाण्याची टाकी,
कुणाचा तरी वाळत घातलेला ॲप्रन.

आज तिसऱ्यांदा रेघ ओढली.
बाहेर रोहिदासनं गुडघा फोडून घेतलाय,
पाला लावून बसलाय.
मी त्याला वेळ विचारून ठेवली,
वहीत लिहिली,
मग आत येऊन आधी
कंट्रोलकडे बघितलं.