दोन शिलिंग

मध्यरात्र उलटल्यावर मी आकडा टाइप केला.
शून्यं मोजताना स्क्रीनला बोट लावावं लागलं,
पहिलीतल्या पोरासारखं.
छापखाना नाही, शाईचा वास नाही.
खाली लिफी नदी भरतीनं उलटी वाहत होती
आणि कॉफी गार.

पहाटे रेडिओ म्हणाला, सगळ्या ठेवींना सरकार जामीन.
सातला लाँगफर्डहून अट्रॅक्टा मावशीचा फोन.
कालच तिनं पुंजी काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती,
डबा पिठाच्या पिंपात.
"आता परत भरू का?"
भर, म्हटलं.
"एवढा पैसा आणलात कुठून रे?"
आणला नाही, मावशी. लिहिला.
ती गप्प. मागे किटलीची शिट्टी.

ही बाई चौतीस वर्षं पोस्टात होती.
एकदा गल्ल्यात दोन शिलिंग कमी भरले
तर रात्री दीडपर्यंत घरी गेली नव्हती.

"आणि सरकार जामीन, म्हणजे कोण जामीन?"
लाइन खराब आहे, मी म्हणालो.

मग दवाखान्याची बस बंद झाली. पेन्शनला कात्री.
तिचा फिंटन पर्थला गेला;
त्यानं वायरिंग केलेल्या चाळीस घरांत
अजून कुणी दिवा लावलेला नाही.
बँक उभी आहे. काचा रोज पुसतात.
त्या रात्री लिहिलं नसतं
तर मावशीसकट सगळं बुडालं असतं,
हे मला तोंडपाठ आहे.

परवा तिचाच फोन.
हवा, गुडघा, शेजाऱ्याचं कुत्रं.
ठेवता ठेवता म्हणाली,
"ते दोन शिलिंग सापडले होते हं.
तराजूखाली गेले होते."